या वयात हे काय होऊन राहिलं?

"मॅडम, या वयात असं होतं का कोणाला?"

हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायका विचारतात, पुरुषही विचारतात. पुरुष तो बहुधा 'एका मित्रा'साठी विचारतात. बायका पर्स मांडीवर घट्ट धरून आणि दार नीट लागलंय ना, हे एकदा बघून विचारतात. पंचेचाळिशी-पन्नाशीत अचानक कुणाची तरी ओढ लागते, दिवसरात्र तीच व्यक्ती डोक्यात फिरत राहते, आणि त्या ओढीपेक्षा लाजच जास्त छळते. आपलं काहीतरी बिघडलंय, अशी खात्रीच होऊन जाते.

अशाच एकींबद्दल लिहिते आहे. त्यांना नुसतं ताई म्हणेन. त्यांना विचारून लिहिलंय आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

ताई अठ्ठेचाळीस वर्षांच्या. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात आस्थापना शाखेत अधिकारी. लग्न झालेलं नाही. 'केलं नाही' असं त्या म्हणत नाहीत, 'राहून गेलं' म्हणतात. वडील लवकर गेले, मग भावाचं शिक्षण, बहिणीचं लग्न, आईचा दमा. सुभाष नगरच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. आधी एकच कूलर म्हणून दोघी उन्हाळ्यात एका खोलीत झोपायच्या. पुढे आईला रात्री पंप द्यावा लागू लागला आणि बाराही महिने तीच सोय झाली.

त्यांच्या शाखेत तिशीचा एक मुलगा कंत्राटी संगणक चालक म्हणून लागला. मार्चएंडला सगळे रात्री उशिरापर्यंत बिलं काढत बसलेले असताना त्याने सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही जेवल्या का?" आणि खाली जाऊन तर्री-पोहे आणून टेबलावर ठेवले. एवढंच झालं. पण ताई सांगत होत्या, "घरी पोचली तरी तेच वाक्य कानात. मी सगळ्यांना विचारते जेवले का. मला कोणी विचारलंच नव्हतं."

पुढचं हळूहळू वाढत गेलं. तो शंकर नगरला मेट्रोत चढतो हे कळल्यावर ताई सुभाष नगरच्या फलाटावर आधीची गाडी सोडून द्यायला लागल्या. रात्री आईला झोप लागली की पांघरुणात मोबाईल धरून त्याचं 'लास्ट सीन' बघायच्या. लांबलचक मेसेज लिहायच्या आणि खोडायच्या. त्याने 'ओके मॅडम' लिहिलं तरी त्या दोन शब्दांचा अर्थ लावण्यात रात्र सरायची. डोरोथी टेनोव्ह या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ साली या अवस्थेवर पुस्तक लिहिलं आणि तिला 'लिमरन्स' असं नाव दिलं. त्यांचं एक निरीक्षण मला रोजच्या कामात पटतं. हे वेड नुसत्या आशेवर जगत नाही आणि नुसत्या निराशेवरही जगत नाही, त्याला दोन्ही लागतं. समोरच्याचं स्पष्ट 'हो' किंवा स्पष्ट 'नाही' आलं, तर ते उतरायला लागतं. 'ओके मॅडम'वर मात्र ते वर्षानुवर्षं तगतं.

पण ताई या ओढीमुळे माझ्याकडे आल्या नव्हत्या. त्या आल्या एक सिनेमा बघून.

भाचीने फोनवर ओटीटी लावून दिलं होतं, त्यात 'द पियानो टीचर' नावाचा फ्रेंच सिनेमा त्यांच्यासमोर आला. २००१ सालचा, मायकेल हानेके यांचा, एल्फ्रिडे येलिनेक यांच्या १९८३ च्या कादंबरीवरचा. इझाबेल ह्युपेर यांना त्यातल्या कामासाठी कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं होतं. ताईंना यातलं काही माहीत नव्हतं. संगीताचा सिनेमा असेल म्हणून लावला. व्हिएन्नाच्या संगीतशाळेत पियानो शिकवणारी एरिका, अविवाहित, वय उलटत चाललेली, मुठीत ठेवणाऱ्या आईबरोबर राहणारी. वरून कडक शिस्तीची, आतून स्वतःच्याच शरीराला इजा करणारी. मग एक तरुण विद्यार्थी येतो आणि सगळं विकृत, हिंसक वळणाला जातं.

"ती पण आईजवळच झोपते मॅडम," ताई म्हणाल्या. "एकाच पलंगावर."

त्यांनी सिनेमा मध्येच बंद केला होता, तो एका ठरावीक जागी. तो तरुण एका घाबरलेल्या विद्यार्थिनीला धीर देतो, आणि एरिका जळून त्या मुलीच्या कोटाच्या खिशात फुटलेल्या काचा टाकते. मुलगी खिशात हात घालते आणि तिचा वाजवता हात चिरला जातो.

"त्या काचा पाहिल्या आणि मला माझी फाईल आठवली."

मग फाईलचं बाहेर आलं. त्या मुलाचं कंत्राट अकरा महिन्यांचं. मुदतवाढीचा प्रस्ताव ताईंच्या टेबलावरून पुढे जातो. तो पेढे घेऊन आला, साखरपुडा झाला म्हणून. ताईंनी पेढा घेतला, अभिनंदन केलं, आणि त्या संध्याकाळी त्याची फाईल ड्रॉवरमध्ये टाकून किल्ली पर्समध्ये ठेवली. साहेबांनी विचारलं तर "शेरा बाकी आहे" सांगितलं. तो रोज येऊन नम्रपणे विचारायचा, "मॅडम, माझं झालं का?" आणि तो रोज येतो याचं त्यांना बरंही वाटत होतं. हे सांगताना त्यांनी मान वर केली नाही. "मी अशी नव्हती. मी पण त्या बाईसारखीच होणार का?"

इथे मला दोन गोष्टी वेगळ्या करायच्या होत्या, आणि माझ्या मते या प्रकारच्या समुपदेशनाचा निम्मा भाग तिथेच असतो. ओढ वाटणं हा गुन्हा नाही, पाप नाही, आजार तर नाहीच. फाईल दाबणं मात्र अन्याय आहे. लाज सगळी ओढीवर खर्च झाली, म्हणून फाईलकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. स्वतःला 'घाणेरडी' म्हणत रात्र काढणारी बाई सकाळी ड्रॉवर न उघडताच बसू शकत होती. मी त्यांना सांगितलं, मनातलं आपण सावकाश बघू, घाई नाही. फाईल उद्या सकाळी पहिलं काम.

ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पुढे गेली. ताईंनी साहेबांना सांगून कंत्राटी कर्मचाऱ्यांचा विषय दुसऱ्या टेबलाकडे दिला, कारण सांगितलं कामाच्या ताणाचं. ते खोटंही नव्हतं.

"त्याला सांगून मोकळी होऊ का?" असंही त्यांनी विचारलं. मन मोकळं करा, असा सल्ला हल्ली फार उदारपणे दिला जातो. मी नको म्हटलं. ज्याची रोजीरोटी तुमच्या सहीवर अवलंबून आहे, तो तुम्हाला मोकळेपणाने 'नाही' म्हणूच शकत नाही. आपलं ओझं उतरवायला त्याचा खांदा वापरायचा नाही. बोलायची जागा म्हणजे ही खोली.

आणि त्या बोलल्या, पण सुरुवातीला फार कष्टाने. शरीराच्या भुकेबद्दल अठ्ठेचाळीस वर्षांत त्यांनी एकही वाक्य कोणासमोर उच्चारलं नव्हतं. हस्तमैथुन हा शब्द मीच आधी वापरला, कारण त्या 'ते तसलं' याच्यापुढे जात नव्हत्या. बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडायचा, आईला आवाज जाऊ नये म्हणून, आणि नंतर देवासमोर उभं राहायचं नाही, दिवासुद्धा आईलाच लावायला सांगायचा. असं कितीतरी वर्षं. मी त्यांना र. धों. कर्व्यांबद्दल सांगितलं. १९२७ ते १९५३, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि वाचकांच्या याच प्रश्नांना सरळ मराठीत उत्तरं दिली. बाईलाही कामेच्छा असते आणि त्यात गैर काही नाही, हे ते तेव्हा लिहीत होते. त्या उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. ताई बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे माझी आजी होती तेव्हापासून लोक हेच विचारून राहिले?" मला वाटतं, माझ्या कुठल्याही तंत्रापेक्षा त्या दिवशी या माहितीने जास्त काम केलं.

डॉक्टरांकडेही पाठवलं. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे, आणि त्याआधीची काही वर्षं संप्रेरकं वरखाली होतात. झोप मोडते, घाम फुटतो, चिडचिड होते. कामेच्छा बऱ्याच जणींची कमी होते, काहींची वाढते. ताई रात्री तीनला जाग्या होत होत्या, आणि रात्री तीन वाजता कोणाच्याही डोक्यात शहाणे विचार येत नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलं, थायरॉइड बघितलं, झोपेचं वेळापत्रक लावलं.

प्रत्येकाचं इतकं साधं नसतं, म्हणून हे इथे सांगून ठेवते. आयुष्यभर संयमी असलेला माणूस अचानक चारचौघांत असभ्य बोलायला-वागायला लागला, किंवा झोपेशिवाय दिवसचे दिवस उत्साहात आणि पैसा उधळत असला, तर तो मनोविकारतज्ज्ञांचा विषय आहे. मेंदूच्या पुढच्या भागाला ग्रासणारा एक स्मृतिभ्रंश ४५ ते ६५ या वयातच अनेकदा सुरू होतो आणि त्यात आठवणीआधी वागणूक बिघडते. कंपवाताची (पार्किन्सनची) प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधं काहींमध्ये कामेच्छा बेफाम वाढवतात, अशा वेळी डॉक्टरांना लाज न बाळगता सांगायचं, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि 'तो माझ्यावरच प्रेम करतो, मला खुणा पाठवतो' अशी अढळ खात्री झाली, तर तो भ्रम असू शकतो. रात्री-बेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. ताईंना यातलं काही नव्हतं. तो आपल्यावर प्रेम करत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

राहिला विचारांचा प्रश्न. 'आजपासून त्याचा विचार करायचा नाही' अशी शपथ त्यांनी टेकडीच्या गणपतीसमोर घेऊन झाली होती. औषध घेताना माकड आठवायचं नाही, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ साली त्याचाच प्रयोग केला, फक्त माकडाऐवजी पांढरं अस्वल घेतलं. पाच मिनिटं अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर मुभा दिल्यावर, या दाबून ठेवणाऱ्यांच्या डोक्यात अस्वल इतरांपेक्षा जास्त आलं. म्हणून आम्ही विचाराला हातच लावला नाही, हाताच्या सवयींना लावला. विचार येऊ दे, फोन उचलायचा नाही. उचलावासा वाटला तर पंधरा मिनिटं थांबायचं, मग ठरवायचं. मेट्रो जी येईल ती. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी कालनिर्णयवर बारीक टिंब. पहिल्या महिन्यात टिंबं विरळ होती.

सगळ्यात अवघड निघाली झोपण्याची खोली. स्वतःचा बिछाना, स्वतःचं दार, एवढंच हवं होतं. आईने ऐकलं आणि म्हणाली, "आता पन्नाशीत वेगळं झोपायचा शौक सुचून राहिला का तुले?" ताई दोन आठवडे मागे हटल्या. मग बर्डीच्या बाजारातून एक बिनतारी घंटी आणली, बटण आईच्या उशाशी, भोंगा स्वतःच्या खोलीत. पहिल्या रात्री आईने ती सहा वेळा वाजवली, एकदा तर कूलरमध्ये पाणी भरलं का, हे विचारायला. ताई सहाही वेळा उठल्या, पण परत येऊन आपल्याच खोलीत झोपल्या. आता आई दम लागला तरच वाजवते. बहुतेक वेळा.

मुलाचं लग्न झालं. कार्यालयाच्या एकत्रित पाकिटात ताईंनी आपला वाटा घातला, रिसेप्शनला गेल्या नाहीत. ओढ एका दिवसात गेली नाही, 'लास्ट सीन' अजून अधूनमधून बघितलं जातं. ताई ते लपवत नाहीत, येऊन सांगतात.

ताई 'टेन्शन'साठी समुपदेशनाला येतात, एवढं पुण्याच्या भावाला ठाऊक आहे. त्याने ताईंच्याच फोनवरून एकदा मला विचारलं, "मॅडम, अजूनही एखादं स्थळ पाहू का? तेच कारण असेल." लग्न म्हणजे डॉक्टरने लिहून द्यायची गोळी नव्हे, आणि विचारायचं तर तिला विचारा, असं म्हणून मी फोन ताईंना दिला. त्या शांतपणे म्हणाल्या, "स्थळ नंतर पाहा. आधी मे महिन्यात आईला पुण्याला घेऊन जा. एक महिना."

बघतो, म्हणाला. वहिनीला विचारून सांगतो.