कुळागर तारण ठेवून अमेरिका?

प्रश्न: मुलीचं गोमेकॉतून (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) एमबीबीएस आणि इंटर्नशिप झाली. तिला अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात पगारी नोकरी करत तज्ज्ञ डॉक्टर होण्याचं प्रशिक्षण, करायची आहे. एक सल्लागार 11 लाखांचं पॅकेज देतोय. यजमान निवृत्त शिक्षक, पेन्शन 48 हजार, एफडी 26 लाखांची. ती मोडावी, की घर आणि कुळागर (सुपारी-नारळाची बाग) तारण ठेवून 25 लाखांचं कर्ज काढावं? धाकटा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तिचे मामा म्हणतात, पोर्तुगीज पासपोर्ट काढा. (एक वाचक, फोंडा तालुका)

ताई, आज तरी दोन्ही नको.

आधी पॅकेजचं बोलू. तुम्ही पाठवलेला माहितीपत्रकाचा फोटो मोठा करून पाहिला. ठळक अक्षरात 'हमी', शेजारी चांदणी, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत 'मुलाखतीच्या तयारीची'. निवडीची हमी कोणी देऊच शकत नाही. उमेदवार आणि हॉस्पिटलं आपापल्या पसंतीच्या याद्या देतात, जोड्या संगणक लावतो. 2025 मध्ये अमेरिकेबाहेर शिकलेल्या परदेशी डॉक्टरांपैकी साधारण 58 टक्क्यांना जागा मिळाली. उरलेल्यांचा खर्च मात्र झालाच.

जागा मिळाली तरी व्हिसा उरतो. 2025 च्या मे-जूनमध्ये जे-1 या प्रशिक्षणाच्या व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा काही आठवडे बंद होत्या, आणि रेसिडेन्सी सुरू होते 1 जुलैच्या सुमारास. जागा हातात असलेली मुलं ताटकळली. एच-1बी हा नोकरीचा व्हिसा घ्यावा, तर सप्टेंबर 2025 पासून अमेरिकेबाहेरच्या नव्या अर्जदारामागे मालकाला एक लाख डॉलर भरायला सांगितलंय. डॉलर नव्वदला धरा, म्हणजे 90 लाख. एवढे पैसे किती हॉस्पिटलं घालतील? म्हणजे बहुतेक जे-1 च. त्यात शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी परतायचं, किंवा डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षं काम करून सूट मिळवायची. अशा सुटी एका राज्याला वर्षाला फक्त 30. 'डॉक्टर झाली की दोन वर्षांत कर्ज फेडेल' हे यजमानांचं गणित इथेच कोसळतं. रेसिडेन्सीतला पगार वर्षाला साठ-सत्तर हजार डॉलर, आणि त्यातच तिथलं घरभाडं.

आणि हे शैक्षणिक कर्ज नव्हे. कुठेही प्रवेश नाही, कॉलेजची फी नाही, म्हणून बँक मालमत्ता तारण मागतेय; शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळणारी आयकरातली वजावटही धरू नका. साडेदहा टक्क्यांनी नुसतं व्याजच महिन्याला 22 हजारांच्या आसपास, जवळजवळ अर्धी पेन्शन. शिवाय आपला गोव्याचा नागरी कायदा. कुळागर यजमानांच्या नावावर असलं तरी तुमची सही लागेल, आणि वारशात मुलांचा अर्धा हिस्सा राखलेला असतो. धाकट्याला आजच समोर बसवून विचारा. उद्या त्याने विचारण्यापेक्षा बरं.

मामांचा पोर्तुगीज पासपोर्टचा सल्ला विसरा. भारतीय नागरिकत्व जाईल आणि जे-1 चा दोन वर्षांचा नियम तसाच राहील. ब्रिटनमध्येही ब्रेक्झिटनंतर त्या पासपोर्टचा उपयोग उरलेला नाही. तिथलं सरकारही आता प्रशिक्षणात आपल्याच पदवीधरांना पुढे करतंय.

मग मुलीला अडवायचं का? मुळीच नाही. पैसे टप्प्याटप्प्याने सोडायचे. अमेरिकेच्या वैद्यकीय परवान्याची पहिली परीक्षा, स्टेप 1: फी हजार डॉलरच्या वर, प्रश्नसंच धरून दोन लाखांत भागेल. ते तिने नोकरी करून स्वतःच्या पगारातून भरावेत, नीट-पीजीची, म्हणजे इथल्याच पदव्युत्तर प्रवेशाची, वाट बंद न करता. ती पास झाली की स्टेप 2 आणि इंग्रजीची ओईटी. या दोन्ही हातात आल्याशिवाय अमेरिकेतल्या रोटेशनचं, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलातल्या थोड्या दिवसांच्या अनुभवाचं, तिकीट काढू नये; खरा पैसा तिथेच जातो, माझ्या अंदाजाने सहा-सात लाख. शेवटी अर्ज. शंभर ठिकाणी केले तर अडीच हजार डॉलर. सगळं मिळून साडेबारा-तेरा लाखांवर जायला लागलं, की थांबायचं. हा आकडा आत्ताच कागदावर लिहून तिघांनी सह्या करा, निकालाच्या रात्री तो ठरवता येत नाही.

एफडी ऑगस्टला संपते म्हणालात. नूतनीकरण करताना एकच मोठी पावती करू नका, चार करा. लागली तर एकच मोडेल, बाकीच्या व्याजाला हात लागणार नाही.