पेपर पाठवण्याआधी आणि नंतर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: शिक्षणशास्त्रातला माझा पीएचडीचा प्रबंध २४० पानांचा आहे. गणिताच्या तासाला गटचर्चा घेतल्यास मुलांचे गुण वाढतात का, हा विषय. त्यातून जर्नलसाठी पेपर कसा काढावा?

प्रबंध कापून-छाटून पेपर होत नाही, तो नव्यानेच लिहावा लागतो. प्रबंधात चार-पाच संशोधन-प्रश्न असतात. पेपरला एक पुरतो, फार तर दोन. तो प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्याच्याशी संबंध नसलेला प्रत्येक तक्ता बाजूला काढा. शिक्षणविषयक बऱ्याच जर्नल्सची मर्यादा सहा ते आठ हजार शब्दांच्या आसपास असते. काही ठिकाणी संदर्भसूचीही त्यात धरतात, तेव्हा लेखकांसाठीच्या सूचना आधी वाचा. पूर्वसंशोधनाचा आढावा दीड हजार शब्दांत आटोपा. तुम्ही किती वाचलंय हे प्रबंधात दाखवायचं असतं. इथे इतकं वाचूनही तुमचा प्रश्न अनुत्तरित का राहतो, एवढंच दाखवायचं.

उरलेली जागा पद्धतीच्या विभागाला द्या. पेपर टिकतो की पडतो, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं. समजा, एका तुकडीत ४२ मुलं आणि गटचर्चा, दुसरीत ४० मुलं आणि नेहमीची शिकवणी. परीक्षक (जर्नलसाठी पेपर तपासणारे त्याच क्षेत्रातले अभ्यासक) आधी विचारणार, दोन्हीकडे शिक्षक एकच होते का? वेगळे असतील, तर फरक पद्धतीचा की शिक्षकाचा हे सांगता येत नाही. मग विचारणार, मुलांची वाटणी यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून करावी तशी) होती की तयार तुकड्याच घेतल्या? तयार तुकड्या असतील तर पूर्वचाचणीचे गुण शेजारी-शेजारी मांडा. शिवाय एका वर्गातली मुलं एकत्र शिकतात, म्हणून ८२ मुलांचे गुण म्हणजे ८२ स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. दोनच तुकड्या असताना ही उणीव कोणतंही सांख्यिकी तंत्र भरून काढत नाही. ती मर्यादा म्हणून सरळ लिहा, आणि ‘गटचर्चेमुळे गुण वाढले’ असं न म्हणता ‘गटचर्चेच्या तुकडीत गुण जास्त आढळले’ असं म्हणा. असं लिहिल्याने पेपर दुबळा होत नाही, त्याच्यावर विश्वास बसतो.

मधेच किती मुलं गळाली, पालकांची संमती कशी घेतली, नीतिसमितीची मंजुरी केव्हा मिळाली, हेही याच विभागात येतं. चाचणीची विश्वसनीयता तुमच्याच नमुन्यावर काढा. मूळ चाचणीकर्त्याने दिलेला अल्फा, म्हणजे विश्वसनीयतेचा आकडा, तुमच्या मुलांना लागू पडेलच असं नाही.

प्रश्न: पेपर परीक्षकांकडे न जाताच आठवड्याभरात परत आला. ‘आमच्या कक्षेत बसत नाही’ एवढंच कारण दिलं आहे. चूक कुठे झाली असेल?

संपादकाने पहिल्याच वाचनात नाकारलेला पेपर वाईटच असतो असं नाही. त्या जर्नलचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळा. तुमच्या विषयावर तिथे चाललेल्या चर्चेतला एकही लेख तुमच्या संदर्भसूचीत नसेल, तर जर्नलची निवड चुकली किंवा प्रस्तावना. एका शाळेतला अभ्यास असेल तर दूरच्या वाचकाला त्यातून काय कळणार, हे प्रस्तावनेच्या पहिल्या दोन परिच्छेदांतच यायला हवं.

लेखकाची ओळख झाकून परीक्षण होत असेल, तर फाइलही तपासा. शीर्षकपान वेगळं ठेवलं तरी नाव इतर वाटांनी फुटतं: आभार, अनुदानाचा क्रमांक, मंजुरी देणाऱ्या संस्थेचं नाव, ‘माझ्या आधीच्या अभ्यासात’ असा उल्लेख, ट्रॅक चेंजेसमधल्या शेऱ्यांवरचं नाव. यातलं शेऱ्यांवरचं नाव वर्डमध्ये फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट या वाटेने काढून टाकता येतं, मजकुरातले उल्लेख मात्र स्वतःच शोधून काढावे लागतात. हे सगळं आधी प्रतीवर करा, मूळ फाइल तशीच राहू द्या.

प्रश्न: सॉफ्टवेअर पी-मूल्य ०.००० दाखवतं. तसंच लिहू का?

नको. पी-मूल्य म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. तीन दशांशस्थळांपर्यंत पूर्णांकन झाल्यामुळे तसं दिसतं, प्रत्यक्षात ते शून्य नसतं. ‘०.००१ पेक्षा कमी’ असं लिहा. सोबत परिणामाचा आकार (फरक किती मोठा, ते सांगणारा आकडा) आणि त्याचं विश्वासांतर (खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असावा असा अंदाज आहे, ती टोकं) द्या. फरक किती मोठा आहे, हे नुसत्या पी-मूल्यातून कळत नाही.

प्रश्न: वेळ वाचवायला एकच पेपर दोन जर्नल्सना पाठवला तर?

मुळीच पाठवू नका. पाठवतानाच ‘हा पेपर अन्यत्र विचाराधीन नाही’ असं तुम्ही लिहून देता. उत्तराला फार उशीर होत असेल तर संपादकांना विचारा. मागे घ्यायचा असेल तर लेखी कळवा आणि त्यांची पोच आल्यावरच दुसरीकडे पाठवा.

प्रश्न: एक परीक्षक म्हणतात आढावा वाढवा, दुसरे म्हणतात कमी करा. कोणाचं ऐकू?

निर्णय संपादकांचा असतो, म्हणून उत्तर त्यांना पटेल असं लिहा. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवा, खाली तुम्ही केलेला बदल आणि पान व ओळ क्रमांक द्या. परस्परविरोधी शेरे शेजारी मांडून कोणता मार्ग घेतला आणि का, ते दोन-तीन वाक्यांत सांगा. इथे बहुधा दोघांचं समाधान होऊ शकतं: ज्यांना आढावा कमी हवा त्यांना पुनरावृत्ती खटकत असते, ज्यांना वाढवून हवा त्यांना एखादा विशिष्ट धागा सापडत नसतो. एखादी सूचना मान्य नसेल तर पुराव्यासह नाकारता येते. न बोलता ती गाळली, तर मात्र परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येतं. बदल दाखवणारी एक आणि स्वच्छ एक, अशा दोन प्रती जोडा. दिलेल्या मुदतीत काम होणार नसेल, तर मुदत संपण्याआधीच वाढवून मागा.