ऑर्डर देऊन मागवलेल्या पिकअपचा भाव इसाराच्या दिवशीच लिहून घ्यावा

आपण विचारले आहे की, आपण ओहायोतल्या डेटनजवळ राहता, शेवरलेट सिल्वराडो १५०० आपल्याला हव्या त्या इंजिनासह आणि हव्या त्या रंगात फॅक्टरीतून मागवायची आहे, तर डीलरकडून चांगला भाव कसा मिळवावा. आणि ऑर्डरच्या गाडीवर सूट मिळतच नाही असे मित्र सांगतात, ते खरे का?

ते खरे नाही. हेच वाक्य मी गेली कित्येक वर्षे आमच्या साडूंच्या तोंडून प्रत्येक सणावाराला ऐकत आलो आहे, त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर उत्तर लिहिल्याशिवाय मला राहवले नाही.

मी कोलंबसच्या उत्तरेला राहतो. घरामागे साडेचार एकर जमीन आहे आणि नोकरी सांभाळून मी उन्हाळ्यात भेंडी, गवार, मेथी आणि दुधी लावून गावातल्या भारतीय दुकानांना माल देतो. ट्रेलर ओढण्यासाठी पिकअप ही माझी हौस नव्हती, गरज होती. ऑगस्ट २०२१ मध्ये, चिपच्या टंचाईमुळे डीलरांची आवारे ओस पडलेली असताना, मी घरापासून वीस मैलांवरच्या एका डीलरकडे दुसऱ्या एका कंपनीच्या ट्रकची ऑर्डर दिली. साडू वयाने मोठे, या देशात माझ्या आधी बारा वर्षे आलेले, म्हणून त्यांना बरोबर नेले होते. विक्रेत्याने आमच्या देखत दोनदा सांगितले की, गाडी आली की स्टिकरच्या, म्हणजे कंपनीने काचेवर छापून लावलेल्या, किमतीला देऊ, वर एक डॉलर घेणार नाही. मी पाचशे डॉलर इसार दिला. हाती आलेल्या कागदावर ट्रकची सगळी यादी होती, फक्त किमतीचा रकाना कोरा होता. मी तो भरून मागितला, तेव्हा विक्रेता म्हणाला की किंमत गाडी आल्यावर लिहायची आमची पद्धत आहे. मी पुन्हा विचारणार तोच साडू मराठीत म्हणाले, "उगाच ताणू नकोस. ही काही आपली मंडई नाही, इथे शब्दाला किंमत असते." मी गप्प बसलो. माझे वडील निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. बागेत येऊन इसार देऊन सौदा करणारा व्यापारी तोडणीच्या दिवशी "बाजार उतरला" म्हणून किलोमागे दोन रुपये कसे कापतो, हे मी लहानपणापासून पाहिलेले. म्हणूनच वडील ओळखीच्या व्यापाऱ्याकडूनही चिठ्ठी लिहून घेत. त्यांच्या मुलाने त्या खुर्चीत बसून कोऱ्या रकान्याखाली सही करावी, याचे मला आजही वाईट वाटते.

एप्रिल २०२२ मध्ये गाडी आल्याचा फोन आला. क्रेडिट युनियनचे (सभासदांच्या सहकारी पतसंस्थेचे) कर्ज मंजूर करून, चेक घेऊन मी गेलो. समोर आलेल्या कागदावर ५२,४०० डॉलरच्या स्टिकरखाली "मार्केट ॲडजस्टमेंट" म्हणून, म्हणजे मागणी जास्त म्हणून डीलरने चढवलेले, ५,९९५ डॉलर आणि टायरमधला नायट्रोजन, दारांच्या कडांच्या पट्ट्या वगैरेंचे १,२९५ डॉलर लावलेले होते. मी ऑगस्टमधल्या शब्दाची आठवण दिली. तेव्हा मॅनेजरने अतिशय सभ्यपणे दोन गोष्टी सांगितल्या: किंमत कोठेही लिहिलेली नाही, आणि ही गाडी कंपनीकडे आपल्या नावाने नोंदवलेलीच नाही, ती आमच्या साठ्यासाठी मागवलेली आहे. म्हणजे आठ महिने मी ज्या गाडीची वाट पाहत होतो, ती कागदोपत्री कधीच माझी नव्हती. मी गाडी न घेता परत आलो. इसार परत मिळायला तीन आठवडे लागले. साडूंचे म्हणणे पडले की, आठ महिने थांबून सात हजारांसाठी हातची गाडी सोडणे हा निव्वळ हट्ट आहे. त्याच उन्हाळ्यात त्यांनी स्वतः चार हजार डॉलर वर देऊन गाडी घेतली, आणि तेव्हापासून ऑर्डरच्या गाडीवर सूट मिळत नसते हे त्यांचे ठाम मत आहे.

शब्दाला किंमत असते, या म्हणण्याचे उत्तर मला नंतर कायद्यात सापडले. पाचशे डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीच्या वस्तूच्या विक्रीचा करार लेखी नसेल, तर तो न्यायालयात बजावून घेणे फार अवघड असते; अमेरिकेच्या एकसमान व्यापारी संहितेतला हा नियम ओहायोतही लागू आहे. तेव्हा किंमत लिहून मागणे हा कोणाचाही अपमान नाही, या देशाच्या कायद्याचीच ती अपेक्षा आहे.

आता आपल्या सौद्याकडे येतो. ओहायोत शेवरलेटसारख्या कंपनीला थेट ग्राहकाला गाडी विकता येत नाही (२०१४ मध्ये टेस्लाला तीन दुकानांपुरती मोकळीक मिळाली, तेवढीच). त्यामुळे गाडी फॅक्टरीत बनली तरी सौदा डीलरशीच होणार, आणि त्याला या व्यवहारात काय मिळते हे कळल्याशिवाय किती मागावे हे कळत नाही. स्टिकर आणि इनव्हॉइस (कंपनी डीलरला लावते ती किंमत) यांतला फरक हा त्याच्या कमाईचा फक्त दिसणारा भाग आहे. त्याशिवाय स्टिकरच्या सुमारे तीन टक्के रक्कम कंपनी "होल्डबॅक" म्हणून त्याला नंतर परत देते. म्हणून इनव्हॉइसच्या किमतीला गाडी विकणारा डीलर तोट्यात जात नाही, आणि "आम्ही घरचे पैसे घालतो आहोत" असे तो म्हणाला तर विश्वास ठेवू नये.

ऑर्डरच्या गाडीवर सूट मिळण्याचे खरे कारण तर याहून सोपे आहे. आवारात उभी असलेली प्रत्येक गाडी डीलरने कर्ज काढून उभी केलेली असते. त्याला ते लोक "फ्लोअर प्लॅन" म्हणतात, आणि गाडी जितके दिवस उभी राहील तितके व्याज चढत जाते. आपली गाडी ट्रेलरवरून उतरेल आणि दोन-तीन दिवसांत आपण ती घेऊन जाल. तिच्यावर व्याज जवळजवळ नाही, जाहिरात नाही, चाचणीसाठी कोणी तिला पन्नास मैल पळवणार नाही, आणि विक्रीचा आकडा मात्र त्याच्या नावावर चढेल, ज्यावर त्याला पुढच्या गाड्यांचा कोटा मिळतो. असे गिऱ्हाईक त्याला स्वस्तात पडते. हे मी साडूंना तीनदा समजावून सांगितले आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी सिल्वराडो १५०० मागवली, ती अशी. आधी घरी बसून प्रत्येक पर्यायाचा कंपनीचा कोड लिहून काढला: तीन लिटरच्या ड्युरामॅक्स डिझेलसाठी एलझेड०, मागच्या लॉकिंग डिफरन्शियलसाठी जी८०, ट्रेलरच्या पॅकेजसाठी झेड८२, असे सगळे. कोड लिहिल्यामुळे दोन डीलर दोन वेगळ्या गाड्यांचे भाव सांगू शकत नाहीत. मग दीडशे मैलांच्या आतल्या नऊ डीलरांना एकच ईमेल पाठवला. त्यात लिहिले की ही माझी गाडी, ती मला ग्राहकाच्या नावाने मागवायची आहे, कर्जाची सोय माझी मी केलेली आहे, जुनी गाडी बदल्यात द्यायची नाही. इनव्हॉइसच्या किती खाली किंवा वर द्याल तो आकडा, कागदपत्रांच्या शुल्कासह, लेखी कळवावा. तिघांनी उत्तर दिले नाही. चौघांनी "एकदा येऊन भेटा, बोलू" असे लिहिले. त्यांच्याकडे मी गेलो नाही. दोघांनी आकडा दिला. त्यांतला एक आकडा दुसऱ्याला दाखवून मी एकदाच विचारले, आणि ५८,३४५ डॉलर स्टिकर व सुमारे ५५,६०० इनव्हॉइस असलेली गाडी इनव्हॉइसच्या एक हजार डॉलर खाली, म्हणजे ५४,६०० ला ठरली. तो डीलर घरापासून नव्वद मैलांवर आहे. कंपनीची रिबेट, म्हणजे कंपनी स्वतः ग्राहकाला देते ती सवलत, त्यातून वेगळी वजा झाली.

या रिबेटबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण डीलर ती स्वतःच्या सवलतीत मिसळून दाखवतात. रिबेट कंपनीच्या खिशातून येते, डीलरच्या नव्हे. ठरवायचा तो आकडा रिबेटच्या आधीचा. शिवाय सामान्यतः गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी जी रिबेट चालू असेल ती लागते, ऑर्डरच्या दिवशीची नव्हे, म्हणून त्या दिवशी ती वाढेल किंवा नाहीशीही होईल, हे धरून चालावे. आपण शिक्षक, सैनिक किंवा आपत्कालीन सेवेत असाल, किंवा आपली कंपनी जनरल मोटर्सला माल पुरवत असेल, तर त्यांच्या ठरीव सवलती वेगळ्या आहेत. सौद्याआधी ते तपासावे. डेस्टिनेशन चार्ज, म्हणजे गाडी डीलरपर्यंत पोहोचवण्याचे शुल्क, मात्र कंपनी ठरवते, आणि गाडी फोर्ट वेनच्या कारखान्यातून दोन-अडीच तासांत आपल्याकडे येणारी असली तरी त्यात एक डॉलरही कमी होत नाही. त्यावर वेळ घालवू नये.

इसार देण्याआधी मी तीन गोष्टी कागदावर घेतल्या आणि या मुद्द्यावर आपण अजिबात माघार घेऊ नये. एक म्हणजे डीलरची सही असलेला बायर्स ऑर्डर, म्हणजे खरेदीचा करारपत्रक, त्यात विक्रीची किंमत, शुल्क, आणि "याव्यतिरिक्त कोणतीही वाढ किंवा डीलरने बसवलेली वस्तू नाही" हे वाक्य. दुसरी म्हणजे इसार परत मिळेल ही लेखी कबुली. तिसरी, जिच्यासाठी मी आठ महिने गमावले ती: कंपनीच्या प्रणालीतल्या ऑर्डरची प्रत. जनरल मोटर्सच्या ऑर्डरवर प्रकार लिहिलेला असतो. एसआरई म्हणजे ग्राहकाला विकलेली, टीआरई म्हणजे डीलरच्या साठ्यासाठीची. आपल्या प्रतीवर एसआरई आणि आपले नाव असलेच पाहिजे. ऑर्डर क्रमांक मिळाला की तिची प्रगतीही कळते: ११०० म्हणजे डीलरने नुसती टाकलेली, २००० म्हणजे कंपनीने स्वीकारलेली, ३००० म्हणजे उत्पादन विभागाकडे गेलेली, ३८०० म्हणजे बनलेली, ४२०० म्हणजे निघालेली, ५००० म्हणजे डीलरकडे पोहोचलेली. ऑर्डर ११०० वरच आठवडेच्या आठवडे अडकली तर त्या डीलरकडे त्या गाडीचा कोटा नाही असे समजावे. म्हणून इसाराआधीच "या महिन्यात आपल्याकडे कोटा आहे का" हे विचारून घ्यावे. मोठा डीलर निवडायचे कारणही हेच आहे, तो गोड बोलतो हे नव्हे.

माझी गाडी फेब्रुवारी २०२५ मध्ये आली. ठरलेल्या आकड्यात एका डॉलरचाही फरक नव्हता. कागदपत्रांच्या खोलीत वाढीव वॉरंटी, रंगाचे संरक्षण आणि काचेवर क्रमांक कोरणे एवढे पुढे करण्यात आले, ते मी नाकारले, आणि पाऊण तासात बाहेर पडलो. त्यांच्या कर्जाचा दर माझ्या क्रेडिट युनियनपेक्षा कमी असता तर मी तो जरूर घेतला असता. मात्र बँकेच्या दरावर डीलर आपला हिस्सा चढवू शकतो, म्हणून हाती दुसरा दर असल्याशिवाय त्या खोलीत जाऊ नये.

साडूंच्या बाजूनेही थोडे लिहिले पाहिजे. मधल्या उन्हाळ्यांत ट्रक भाड्याने घेण्यात माझे जवळपास ३,९०० डॉलर गेले, आणि २०२२ च्या वसंतात मंजूर झालेल्या दरापेक्षा २०२४ चा व्याजदर बराच चढा होता. तो सगळा हिशेब मांडला, तर सोडलेल्या गाडीच्या तुलनेत मला झालेला फायदा त्यांना वाटतो त्याहून जास्त असला, तरी मी सांगत होतो तेवढा नाही. शिवाय २०२१-२२ मध्ये स्टिकरच्या खाली ऑर्डर मिळणे जवळजवळ अशक्यच होते. आजही एखाद्या मॉडेलला तशीच तुटवड्याची मागणी असेल तर डीलर आपला कोटा सूट देऊन विकणार नाही, आणि तिथे लेखी स्टिकर किंमत हाच चांगला भाव समजावा. पण तुटवड्याच्या वर्षाचा अनुभव घेऊन "ऑर्डरवर सूट नसते" असा कायमचा नियम करणे मला मान्य नाही, आणि कोरा रकाना सही करून देणे तर कोणत्याच वर्षी मान्य नाही.

आपली जुनी गाडी द्यायची असेल, तर नव्या गाडीचा आकडा लेखी आल्यानंतरच तिचा विषय काढावा, आणि तिचा भाव दोन ठिकाणी आधी विचारून ठेवावा. ऑर्डर आणि ताबा यांत दोन-तीन महिने जातात, तेवढ्यात जुन्या गाडीची किंमत उतरते, म्हणून आज सांगितलेला भाव त्या दिवशी मिळेल असे धरू नये. आपल्या ऑर्डरची प्रत हाती आली आणि तिच्यावर टीआरई दिसले, तर इसार देऊ नका.