‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही म्हण बौद्ध घरात चालते का?

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंनी सुरुवातीची वर्षं फार छळलं. आता त्या थकल्यात, कारभार तुमच्या हाती आलाय आणि माहेरचे म्हणतात, ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’. हे धम्माला धरून आहे का, असा तुमचा प्रश्न.

जय भीम. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरांतल्या तसबिरी बदलल्या, लग्नाचे विधी बदलले, म्हणी मात्र आजीच्याच राहिल्या. त्यात वावगं काही नाही. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हे अंगी मुरलेल्या माणसाला सिगालसुत्तातला, म्हणजे बुद्धांनी एका गृहस्थाला केलेल्या उपदेशातला, सल्ला लगेच पटतो: मिळकतीचे चार भाग करा, एक खर्चाला, दोन धंद्याला, एक अडीनडीला.

सासू-सुनेची ही म्हण मात्र मला खटकते. ‘वैराने वैर शमत नाही’ ही धम्मपदातली गाथा आपण सगळेच ऐकतो. तिच्यामागची अट्ठकथेतली (धम्मपदावरच्या जुन्या टीकेतली) गोष्ट चक्क घरातल्या भांडणाची आहे. दोन सवती. मूल नसलेली थोरली अन्नातून औषध घालून धाकटीचा गर्भ पाडते. धाकटी मरताना सूड घेण्याची इच्छा धरते. मग जन्मोजन्मी आलटून पालटून एकीने दुसरीची पोरं खायची: मांजर आणि कोंबडी, बिबटी आणि हरिणी. म्हणजे चार दिवस हिचे, चार दिवस तिचे! शेवटी एक यक्षिणी होते, दुसरी श्रावस्तीतली लेकुरवाळी. ती तान्हं घेऊन जेतवनात, बुद्धांच्या विहारात, धावते. बुद्ध यक्षिणीला आत बोलावतात आणि आईला सांगतात, मूल तिच्या हातात दे. यक्षिणी त्याचे मुके घेते, परत देते आणि रडायला लागते: आता मी पोट कशावर भरू?

पुढचा भाग मला जास्त आवडतो. बाई तिला घरी नेते, पेज घालते. पण भात कांडताना मुसळ वर गेलं की यक्षिणीला वाटतं, आता माझ्या डोक्यात बसणार. जागा बदलून बदलून शेवटी तिची सोय गावाबाहेर शांत ठिकाणी होते आणि जेवण तिकडे पोचतं. म्हणजे वैर मिटलं तरी एका छपराखाली राहिलंच पाहिजे असं नाही. वेगळी खोली, वेगळी चूल चालते. ‘घर फोडलं’ म्हणणारे म्हणोत. मात्र जेवण, औषधपाणी चुकू देऊ नका.

याचा अर्थ झालेला छळ गिळून टाका असा नाही. सिगालसुत्तात कर्तव्यं दोन्ही बाजूंना आहेत. मुलांनी आईबापांना सांभाळावं, तसा आईबापांनीही वारसा वेळेवर मुलांच्या हाती द्यावा. नवऱ्याने बायकोचा मान राखावा, घराचा कारभार तिच्यावर सोपवावा. (तिला दागिने द्यावेत हेही त्यात आहे, पण पुरुषमंडळींना नेमकं तेवढंच ऐकू येत नाही.) तुमच्या सासूबाईंनी किल्ल्या वेळेवर सोडल्या असत्या, तर निम्मं भांडण झालंच नसतं.

एक गोष्ट राहिली. तुमच्या एवढ्या लांब प्रश्नात नवऱ्याचा उल्लेखच नाही. सिगालसुत्त सांगितलंय ते सासूला नाही, सुनेलाही नाही. राजगृहात ओल्या कपड्यांनी सहा दिशांना हात जोडणाऱ्या एका तरुण गृहस्थाला सांगितलंय, की पूर्वेला तुझे आईबाप, पश्चिमेला बायकामुलं. दोघींच्या मधे उभा आहे तो. आधी त्याला वाचायला द्या.