काजू टरफलासकट का विकत नाहीत?

शेंगा, बदाम, अक्रोड, पिस्ते हे सगळं टरफलासकट मिळतं, मग काजूच तेवढा सोललेला का, असा तुमचा प्रश्न आहे. उत्तर थोडक्यात सांगायचं तर काजूचं टरफल स्वयंपाकघरात आणण्याजोगी वस्तूच नाही.

काजूबीचं टरफल तीनेक मिलिमीटर जाड असतं, पण ते भरीव नसतं. वरची चिवट साल आणि आतली टणक साल यांच्या मधे मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि त्या जाळीत दाट, तांबूस-तपकिरी तेल भरलेलं असतं. टरफलाच्या वजनाचा साधारण पाव हिस्सा हे तेलच. त्यात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं. ते कातडीला लागलं की फोड येतात, कातडी काळी पडून सोलवटते. बिब्बा उतणं म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं समजवायला नको, कारण बिब्बा आणि काजू एकाच कुळातले आणि त्यांची दाहक द्रव्यंही जवळच्या नात्यातली. आंबाही त्याच कुळातला, म्हणून कैरीच्या चिकाने ओठ उततात. गंमत म्हणजे पिस्ताही याच घरातला! पण त्याचं टरफल निरुपद्रवी असतं आणि झाडावर पिकतानाच आपोआप उकलतं, म्हणून तो खुशाल टरफलासकट विकता येतो.

धोका किती खरा आहे याचा एक नोंदलेला दाखला आहे. १९८२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात विकल्या गेलेल्या काजूतुकड्यांत टरफलाचे कण राहून गेले होते. ते खाल्लेल्या बऱ्याच जणांच्या अंगावर खाजरे चट्टे उठले.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. दुकानात ‘कच्चा’ म्हणून मिळणारा काजू खरा कच्चा नसतो. बी आधी वाळवतात, मग बॉयलरच्या वाफेवर शिजवतात. वाफेने टरफल ठिसूळ होतं आणि आतला गर टरफलापासून सुटतो. नंतर ती रात्रभर गार होऊ द्यावी लागते. घाई केली तर गर मऊच राहतो आणि कापताना तुटतो. वाफेने तेल नाहीसं होत नाही, ते टरफलातच असतं. म्हणून कटरवर बसणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावूनच कामाला बसतात. पातं जरा खोल गेलं की टरफलातलं तेल गराला लागतं, डाग पडतो आणि चव बिघडते. मग गर ६०-७० अंशांवर ६ ते ८ तास सुकवतात, तेव्हा कुठे वरची तांबूस साल सुटते. एवढं करून ४ किलो बीमागे जेमतेम १ किलो गर हाती येतो. किंमत पाहून लोक कुरकुरतात, पण त्यातला मोठा भाग या कष्टांचा आहे, असं माझं मत आहे.

अखंड गर सगळ्यात महाग, मग पाकळी, मग तुकडा, मग कणी. भाजीच्या वाटणाला किंवा कतलीला अखंड काजू घेणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं. पाकिटावर डब्ल्यू-३२० असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० काजू. आकडा जितका लहान तितका काजू मोठा. पाव किलोच्या पाकिटात डब्ल्यू-३२० चे साधारण १६५ ते १७६ काजू भरले पाहिजेत, डब्ल्यू-१८० चे ९४ ते ९९. दोनशे निघाले तर माल बारीक आहे, हे दुकानदाराला सांगा.

जाता जाता, ‘काजू’ हा शब्द झाडासोबतच आला. ब्राझीलमधल्या तुपी भाषेतला ‘अकाजू’, पोर्तुगिजांच्या तोंडी ‘काजू’. सोळाव्या शतकात त्यांनीच ते झाड आपल्याकडे आणलं. आणि ज्याला आपण काजूचं फळ म्हणतो तो बोंडू म्हणजे नुसता फुगलेला देठ. आधी बी पूर्ण वाढते, देठ त्यानंतर फुगतो. खरं फळ ती खालची बीच.

आता कामाचं. वेंगुर्ल्या-मालवणहून किंवा चंदगड-आजऱ्याहून कुणी सुकी काजूबी पाठवली, तर ती दाताने फोडू नका, मिक्सरजवळ नेऊ नका आणि गॅसवर तर मुळीच भाजू नका. तेल पिचकारीसारखं उडतं, पेट घेतं आणि धूर डोळ्याला-घशाला झोंबतो. भाजायचीच असेल तर उघड्या अंगणात, भोकं पाडलेल्या पत्र्यावर, लांब काठीने हलवत, वारा पाठीवर घेऊन भाजा. टरफल काळं पडून भडका उडाला की पत्रा मातीत किंवा राखेत उलटा करा. राख उरलेलं तेल शोषून घेते. पूर्ण गार झाल्यावर बी कडेवर उभी धरून दगडाने हलकेच ठोका. जोरात मारलीत तर चुरा होतो.

ओले काजूगर काढायचे असतील तर आधी दोन्ही हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोपडा, बी विळीवर उभी चिरा आणि गर काडीने उचला, बोटाने नको. काम झाल्यावर हात आधी तेलाने पुसायचे, मग साबणाने धुवायचे. तोवर डोळ्यांना, तोंडाला हात लावू नका आणि लहान मुलांना जवळ घेऊ नका. फोड लगेच येत नाहीत, एक-दोन दिवसांनी येतात. तोंड किंवा डोळे सुजले तर घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरकडे जा. ज्यांना बिब्बा किंवा आंब्याचा चीक उततो त्यांनी हे काम दुसऱ्याला सांगावं आणि सोललेले गर विकत आणावेत.