मॉकमध्ये २६८ आले, आता काय? (वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न : ताई नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे, गाव आर्णी तालुक्यात, कॉलेज तालुक्याला, एसटीनं जाणं-येणं. दिवाळीनंतर टेस्ट सिरीजचा पहिला फुल सिलॅबसचा सराव पेपर (मॉक) दिला, नीटच्या म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या पॅटर्नचा, तर ७२० पैकी २६८ आले. मले वाटलं होतं ४०० तरी येतीलच. बायोलॉजीत ९० पैकी ५४ बरोबर ३० चूक, केमिस्ट्रीत ४५ पैकी २० बरोबर २० चूक, फिजिक्समधी १२ बरोबर अन् २६ चूक, बाकी सोडले. क्लासवाल्यांनी सगळ्यांची लिस्ट ग्रुपवर टाकली, माया नंबर खालून पाहिला तर लवकर सापडते. बाबा काही बोलले नाहीत पण आत्या म्हणे एवढा खर्च करून हेच का, नर्सिंगला टाका पोरीले. तेव्हापासून पुस्तक उघडलं की रडू येते. डॉक्टर व्हायचं सोडून देऊ का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : बेटा, तू बरोबर किती चूक किती हे विषयवार लिहिलंस ते फार बरं केलंस, नाहीतर नुसतं ‘मार्क कमी आले काय करू’ एवढंच येतं आणि मग आम्हीही ‘मेहनत कर’ असं काहीतरी गुळमुळीत लिहून मोकळे होतो. तुझा २६८ आपण जरा उघडून पाहू.

बरोबर उत्तराला चार मार्क मिळतात, चुकलं की एक कापतात. बायोलॉजीचे ५४ चोक २१६, त्यातून ३० गेले, राहिले १८६. केमिस्ट्रीचे ८० मधून २० गेले, ६०. फिजिक्सचे ४८ मधून २६ गेले, उरले २२. म्हणजे तुझ्या २६८ पैकी १८६ एकट्या बायोलॉजीचे आहेत. आता ज्या ३० प्रश्नांत तू बायोलॉजीत चुकलीस ते बघ. चुकलेला एक प्रश्न पुढच्या वेळी बरोबर आला की चार नाही, पाच मार्कांचा फरक पडतो, कारण कापला जाणारा एकही वाचतो. त्या तीसातले २० जरी दुरुस्त केले तरी १०० मार्क झाले, म्हणजे ३६८, आणि यात फिजिक्सला हातही लावलेला नाही. पऱ्हाटी वेचायला गेल्यावर आपण आधी फुटलेलं बोंडच वेचतो ना, हिरव्या बोंडाशी झटत बसत नाही, तसं पुढचे काही आठवडे बायोलॉजीचं कर.

फिजिक्सबद्दल खरं सांगू का, ऐकायला कडू लागेल. तू ३८ प्रश्न सोडवलेस, त्यातले १२ बरोबर. चार पर्याय असतात, त्यामुळे कुणी डोळे मिटून ३८ गोल काळे केले असते तरी सरासरी नऊ-दहा बरोबर आले असते. म्हणजे तुझं फिजिक्स कच्चं आहे असं मी म्हणणारच नाही, ते अजून झालेलंच नाही, आणि कच्चं असणं वेगळं, न झालेलं असणं वेगळं. सगळे सांगतात तुक्का मारू नको, निगेटिव्ह मार्किंग आहे. हिशेबानं पाहिलं तर चारात एक तुक्का लागतोच, चार मिळतात तीन जातात, त्यामुळे तुक्क्यानं तुझे मार्क खाल्ले हे काही खरं नाही. खाल्ला असेल तर वेळ. १८० मिनिटात १८० प्रश्न, त्यात फिजिक्सच्या एकेका गणितावर चार-पाच मिनिटं झटून शेवटी अंदाजेच गोल भरला असेल तर तिकडे बायोलॉजीचे प्रश्न घाईत गेलेच असणार. पुढच्या पेपरला बायोलॉजी आधी घे, मग केमिस्ट्री, आणि फिजिक्समध्ये पहिल्या फेरीत फक्त जे वाचल्याबरोबर फॉर्म्युला डोळ्यासमोर येतो तेवढेच सोडव. सगळं फिजिक्स आता धरू नको. युनिट्स, करंट इलेक्ट्रिसिटी, रे ऑप्टिक्स, ॲटम-न्यूक्लियस, सेमीकंडक्टर, थर्मोडायनॅमिक्स, एवढे धडे नीट कर आणि त्यांचे मागच्या वर्षांचे प्रश्न हातानं सोडव, व्हिडिओत सर सोडवतात ते बघून येतंय असं वाटतं, पण पेपरात पेन आपल्याच हातात असतो.

चुकलेल्या प्रश्नांचं काय करायचं ते आता सांगते, कारण मॉकमधून खरं काही मिळत असेल तर ते पेपर झाल्यावर. ज्या दिवशी पेपर त्याच संध्याकाळी, लाईन असो नसो, चुकलेला प्रत्येक प्रश्न परत वाच आणि पुढे एक खूण कर: हे मला आलंच नव्हतं, की येत होतं पण वाचण्यात चुकले, की दोन पर्यायात अडकले. बायोलॉजीच्या तीसात वाचण्यातल्या चुका बऱ्याच निघतील बघ, माझ्या वर्गात तरी कायम निघायच्या. मोनोहायब्रिड क्रॉसच्या एफ-टू पिढीचा जीनोटाइपचा रेशो विचारलेला असतो, १:२:१, आणि पोरं ‘मोनोहायब्रिड’ एवढं वाचूनच ३:१ वर गोल काळा करून पुढे जातात. ‘खालीलपैकी चुकीचं विधान कोणतं’ यात तर पहिलं बरोबर विधान दिसलं की हात तिकडेच जातो. यावर अभ्यास नाही, सवय लागते. ‘नॉट’, ‘इनकरेक्ट’ या शब्दाखाली पेनानं रेघ मारायची, प्रत्येक वेळी, घरच्या पेपरातही. जे आलंच नव्हतं ते मात्र त्याच रात्री पुस्तकातला तो पॅरा काढून वाचायचं, फक्त उत्तर पाहून ‘अच्छा हे होतं का’ म्हणून पान उलटायचं नाही.

पुस्तक म्हणजे एनसीईआरटी हं, सीबीएसईच्या पोरांना असतं ते. आपल्या पोरांचा इथे मोठा घोळ होतो. कॉलेजात बालभारतीचं पुस्तक शिकवतात, बोर्डाला तेच लागतं, फेब्रुवारीत बोर्ड आहे म्हणून दिवसभर तेच चालतं, आणि नीटचे प्रश्न मात्र एनसीईआरटीच्या ओळीओळीतून येतात. बारावी केमिस्ट्रीचं आपलं पहिलंच प्रकरण सॉलिड स्टेट, नीटच्या सिलॅबसमध्ये ते आता नाहीच, त्यामुळे ते बोर्डापुरतं कर आणि नीटच्या रिव्हिजनमधून काढून टाक. इनकम्प्लीट डॉमिनन्सला आपल्याकडे गुलबक्षीचं उदाहरण शिकवतात, एनसीईआरटीत अँटिऱ्हिनम नावाच्या फुलझाडाचं आहे. तत्त्व तेच, पण पर्यायात अँटिऱ्हिनम बघून गोंधळलेली पोरं मी पाहिली आहेत. पुस्तक विकत नसेल घेता येत तर एनसीईआरटीच्या साईटवर पीडीएफ फुकट आहे, तालुक्याला गेल्यावर बायोलॉजीचा प्रिंट काढून घे, मोबाईलवर वाचलेलं टिकत नाही.

दोन बारीक गोष्टी. ओएमआर, म्हणजे उत्तरांचे गोल काळे करायचा कागद, शेवटच्या दहा मिनिटात भरू नको, पान संपलं की त्या पानाचे गोल भरून टाक, एकदा बॉलपेननं काळा केलेला गोल बदलता येत नाही आणि एक नंबर सरकला की पुढचं सगळंच सरकतं. दुसरं, घरी पेपर द्यायचा तो दुपारी दोन ते पाच द्यायचा. खरा पेपर त्याच वेळेला असतो, तोही मे महिन्यात, आणि आपल्याकडचा मे तुला मी सांगायला नको. जेवून पंख्याखाली डोळा लागायची ती वेळ, त्या वेळेला डोकं चालवायची सवय आतापासून नको का?

आता आत्याबाई. नर्सिंग काही वाईट नाही, पण ते डॉक्टरकीतून पडलेल्यांचं काम आहे असं समजून कुणी करू नये, नर्सवर अन् पेशंटवर दोघांवर अन्याय आहे तो, आणि राज्यात बी.एस्सी. नर्सिंगची वेगळी सीईटी असते, तिचा फॉर्म भरून ठेवला तर बिघडत काही नाही. बीएएमएस नीटवरच आहे. गाई-म्हशींची डॉक्टरकी पण नीटवरच, नागपूरला जुनं व्हेटर्नरी कॉलेज आहे, शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या पोरींना हे कुणी का सांगत नाही हे मला कळत नाही.

एमबीबीएसचंही सरळ सांगते. २६८ वर क्वालिफाय होता येतं, २०२५ ला ओपनचा क्वालिफाइंग कटऑफ १४४ होता, पण क्वालिफाय म्हणजे सीट नव्हे, सरकारी कॉलेजला त्याच्या कितीतरी वर लागतं. २०२४ ला वाशिम, बुलढाणा, अमरावती, भंडारा, गडचिरोली इथे शंभर-शंभर सीटची सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली म्हणून लोकांना वाटतं आता आपल्या पोरांचं सोपं झालं. पण विभागवार ७०:३० चा कोटा, म्हणजे ७० टक्के जागा त्या विभागातल्याच पोरांना, राज्यानं २०२० लाच काढला, त्यामुळे यवतमाळच्या सीटवर लातूरचा पोरगाही येतो आणि तूही लातूरला जाऊ शकतेस. त्यामुळे सोडून देऊ का याचं उत्तर मी नाही देणार, आणि पहिल्या मॉकवर तूही देऊ नको. अजून चार-पाच फुल पेपर होऊ दे, बायोलॉजीतल्या चुका तीसावरून दहावर येतात का ते बघ. त्या येत असतील तर तू रस्त्यावर आहेस, मग लिस्टमध्ये नंबर कितवाही असो. तो लिस्टवाला ग्रुप म्यूट कर आणि बाबांना तसं सांग, टेस्टचा पेपर तेवढा दुसरीकडून मिळेल. आणि रडू येणं थांबलंच नाही, झोप-जेवण सुटलं, तर १४४१६ वर फोन लाव, टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मुलाला मॉकमध्ये ३१० आले. पाहुणे म्हणतात एक वर्ष ड्रॉप घेऊन लातूर नाहीतर राजस्थानात कोट्याला क्लासला टाका. वावर गहाण ठेवावं लागेल. धाकटी पोरगी दहावीला आहे. काय करावं?
– एक कास्तकार, जि. वाशिम

उत्तर : भाऊ, पेपर मे महिन्यात आहे आणि ड्रॉपची चर्चा आताच, मग पोरगा यंदाचा पेपर कशाला मनापासून देईल? निकाल लागेपर्यंत घरात हा विषय बंद करा, पाहुण्यांना चहा पाजा अन् विषय बदला. नीटला किती वेळा बसायचं याला बंधन नाही, वरची वयाची अटही आता नाही, त्यामुळे घाई कसलीच नाही. निकालानंतर पोराला एकच विचारा, सिलॅबस पूर्ण वाचून झाला होता का? झाला नसेल तर एक वर्ष घरी राहून, तालुक्याच्या लायब्ररीत बसून, चांगली टेस्ट सिरीज लावूनही भरून निघतं. सगळं वाचून, दोन-तीनदा रिव्हिजन करून एवढेच आले असतील तर गाव बदलून काय होणार आहे? वावर गहाण ठेवून पाठवलेलं पोरगं तिथे फिजिक्सच्या आधी हप्त्याचा विचार करतं, हे लक्षात घ्या.

धाकटीचं मात्र आताच बघा. ओबीसी, भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात असाल तर नागपूरची महाज्योती संस्था दहावी होऊन अकरावी सायन्सला जाणाऱ्या पोरांना नीटचं ऑनलाइन कोचिंग फुकट देते, टॅबसकट. दहावी झाल्यावर त्याची जाहिरात येते का तिकडे लक्ष ठेवा. आणि थोरल्याची कास्ट व्हॅलिडिटी काढली का? राखीव जागेवर ॲडमिशनला ती लागते, नॉन-क्रिमीलेअर लागत असेल तर तेही. जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत आताच टाका, जूनमध्ये त्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी मिडियम होतं. नीटचा पेपर मराठीतून घेऊ का?
– एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : मराठी निवडलं तर एकाच पुस्तिकेत इंग्रजी आणि मराठी दोन्ही प्रश्न असतात, आणि भाषांतरात फरक निघाला तर इंग्रजीतला धरतात. पण अकरावी-बारावीला तू सगळं इंग्रजीतच शिकलास ना? मग मायटोसिस माहीत असतो आणि पेपरात ‘समसूत्री विभाजन’ वाचून अडायला होतं. मागच्या वर्षांचा एखादा मराठी पेपर काढून अर्धा तास सोडवून बघ, आपोआप कळेल. ठरवायचं ते फॉर्म भरायच्या आधी, कारण भाषा फॉर्ममध्येच टाकावी लागते.