इंग्लंडला निघण्याआधी: ॲक्सेंटपेक्षा आघाताकडे लक्ष द्या

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांनी नोकरीसाठी इंग्लंडला येताय, शिक्षण मराठी माध्यमातून झालंय आणि ऑफिसात इंग्रजी बोलता, पण धाकधूक आहे. ॲक्सेंट सुधारायचा क्लास लावावा का, आपलं कोणतं इंग्रजी इथे चालत नाही, आणि ब्रिटिश डिक्शनरी वापरावी की अमेरिकन, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी बरीच वर्षं इथे राहते, तर रोज कानावर जे पडतं त्यावरून सांगते.

क्लास लावू नका. ज्याची नक्कल करायची असा एक ॲक्सेंट इथे नाहीच. लिव्हरपूल आणि मँचेस्टर एकमेकांपासून जेमतेम पन्नासेक किलोमीटरवर, तरी दोन्हीकडचं बोलणं कानाला लगेच वेगळं कळतं. ग्लासगोच्या माणसाला लंडनवालाही कधीकधी ‘सॉरी?’ म्हणतो. या गर्दीत आपला मराठी हेल कुणाला खुपत नाही. उसना आणलेला ॲक्सेंट मात्र दुसऱ्या वाक्यात उघडा पडतो. आयेल्ट्स या इंग्रजी चाचणीच्या स्पीकिंग परीक्षेतही उच्चार हा चार निकषांपैकी फक्त एक आहे, आणि तिथेही मुख्य प्रश्न असतो तो बोललेलं समजतंय का, हा.

न समजण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे चुकलेला आघात, म्हणजे शब्दातल्या अक्षरावर दिलेला जोर. मराठीत आपण शब्दातल्या प्रत्येक अक्षराला थोडाफार सारखा न्याय देतो. इंग्रजीत एक अक्षर ठसठशीत म्हणतात आणि उरलेली चक्क गिळतात. ऐकणारा शब्द ओळखतो तो त्या ठसठशीत अक्षरावरून. ते चुकलं की बाकीचा उच्चार कितीही स्वच्छ असला तरी समोरचा गोंधळतो. आपण ‘डेव्हलप’ म्हणताना पहिल्याच अक्षरावर जोर देतो. इथे तो ‘डिव्हेलप’ असा दुसऱ्यावर येतो. ‘होटेल’चा जोर शेवटी. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, पण तो काढणारा माणूस ‘फटॉग्रफर’, दुसऱ्या अक्षरावर. ‘कम्फर्टेबल’चं ‘कम्फ्टबल’ होतं, ‘व्हेजिटेबल’चं ‘व्हेज्टबल’. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर ‘रिकॉर्ड’, जोर दुसऱ्यावर. फोनवर ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’चा घोळ नेहमीचा. रक्कम किंवा तारीख सांगताना सरळ ‘वन थ्री’ किंवा ‘थ्री झिरो’ असे आकडे सुटे करून सांगा.

हाच जोर वाक्यातही काम करतो, आणि इथे आपली मराठी आडवी येते. आपल्याकडे ‘च’ आहे. ‘मी आजच आले’ हे आपण ‘आय केम टुडे ओन्ली’ असं करून टाकतो. इथल्या कानाला त्या ‘ओन्ली’चा पत्ता लागत नाही. ते ‘आय केम टुडे’ एवढंच म्हणतात, फक्त ‘टुडे’ दाबून. ‘तिथेच ठेवलंय’साठीही ‘देअर ओन्ली’ नको, ‘राइट देअर’ म्हणा. तोंडात ‘ओन्ली’ किंवा ‘इटसेल्फ’ आलं की ते गाळा आणि आधीचा शब्द जोरात म्हणा, दहापैकी नऊ वेळा भागतं.

आता एक गोष्ट हात तोंडासमोर धरून करून बघा. ‘पाणी’ म्हणा. तळव्याला हवा लागणार नाही. इंग्रज माणूस ‘पिन’ म्हणतो तेव्हा तळव्यावर फुंकर बसते. शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क ते असे हवा सोडून म्हणतात. त्यामुळे आपला कोरडा ‘पिन’ त्यांना ‘बिन’ ऐकू येऊ शकतो आणि आपला ‘कोट’ चक्क ‘गोट’, म्हणजे बकरी. मराठी माणसाला हे जमवणं अवघड नाही, कारण ख आणि ठ आपल्या तोंडात आधीपासून आहेत. ‘टाइम’ म्हणताना ट ठकडे झुकवा, ‘कोट’ म्हणताना क खकडे. प मात्र जपून: दोन्ही ओठ मिटून म्हटलेला जुना फ हवा, ‘फॅन’मधला दात टेकवलेला नको. आणि आधी स असेल, जसं ‘स्पिन’ किंवा ‘स्टॉप’, तर हवा सोडायची नाही. तिथे आपला कोरडा उच्चारच बरोबर.

व्हीचं आणि डब्ल्यूचं रडगाणं तुम्ही ऐकलं असेलच. आपण लिहिताना ‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ असा फरक करतो, पण बोलताना दोन्हीकडे एकच मधला व येतो. मग ‘व्हेट’ म्हणजे गुरांचा डॉक्टर आणि ‘वेट’ म्हणजे ओला, दोन्ही एकाच उच्चारात बसतात. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा. डब्ल्यूला दात लावूच नका, ‘ऊ’ म्हणताना करतो तसे ओठ गोल करा. झेडसाठी ‘जाड’मधला ज जवळचा आहे, फक्त त्याच्या तोंडाशी जो बारीक द असतो तो काढून टाका. ‘मेझर’, ‘व्हिझन’मधला आवाज म्हणजे घसा घुमवून म्हटलेला श. तो नाही जमला तरी फारसं अडत नाही.

अर्थांबद्दल. दोन शब्द निघण्याआधीच सोडा. पहिला ‘पास आउट’. ‘मी २०१५ मध्ये पास आउट झालो’ याचा इथे अर्थ तुमची शुद्ध हरपली होती असा होतो. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा. दुसरा ‘डाउट’. मराठीत शंका म्हणजे प्रश्नही आणि संशयही. इंग्रजी ‘डाउट’ मात्र मुख्यतः संशय. मीटिंगमध्ये ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर प्लॅन’ म्हटलंत तर तुमचा त्या योजनेवर विश्वास नाही असं सगळे धरून चालतील. ‘क्वेश्चन’ म्हणा. ‘प्रीपोन’ हा माझ्या मते फार सोयीचा शब्द आहे आणि ऑक्सफर्डच्या कोशातही आहे, पण इथे फारसा कुणी वापरत नाही. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतात. ‘कझिन ब्रदर’मधला ब्रदर गाळा. लाखाला ‘हंड्रेड थाउजंड’, कोटीला ‘टेन मिलियन’, आणि आकड्यातले स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर.

उलट त्यांच्या बोलण्यातलं तुम्हाला कळायला हवं. ‘यू ऑलराइट?’ ही तब्येतीची चौकशी नाही, नुसता नमस्कार आहे. ‘येस, यू?’ म्हणा आणि पुढे चला. ‘हाफ सेव्हन’ म्हणजे साडेसात. ‘पँट्स’ म्हणजे आतले कपडे; बाहेरचे ते ‘ट्राउझर्स’. सगळ्यात फसवा शब्द ‘क्वाइट’. अमेरिकन बॉस ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर खूश व्हा. ब्रिटिश म्हणाला तर बहुधा ‘ठीक आहे’ एवढंच, काम अजून सुधारायचंय. ‘नॉट बॅड’ मात्र इथे बऱ्यापैकी कौतुक असतं.

म्हणून डिक्शनरी ब्रिटिशच घ्या, तशीही आपली शाळेतली इंग्रजी तिकडचीच आहे: लिफ्ट, फोर्टनाइट, झेड. अमेरिकन सहकारी असतील तर ‘टेबल’ या क्रियापदापासून सावध राहा. ब्रिटिश लोक विषय ‘टेबल’ करतात म्हणजे चर्चेला घेतात, अमेरिकन करतात म्हणजे बाजूला ठेवतात. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे अधिकारी यावरून बराच वेळ भांडले आणि शेवटी दोघांना एकच हवं होतं हे उघड झालं, असं चर्चिलने लिहून ठेवलंय. ईमेलमध्ये तारखेतला महिना अक्षरांत लिहा. ०४/०५ वाचून अमेरिकन माणूस एप्रिल समजेल.

केंब्रिजची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे आणि तिथे ब्रिटिश व अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकता येतात. उच्चाराच्या खुणांमध्ये वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ दिसेल. तिच्या लगेच पुढचं अक्षर ठसठशीत म्हणायचं. तुमच्या कामातले रोजचे तीस-चाळीस शब्द काढा आणि ती रेघ कुठे आहे एवढंच बघा.

गावांची नावं स्पेलिंगवरून वाचू नका. उच्चार असे आहेत: लेस्टर, वुस्टर, ग्लॉस्टर, वॉरिक, एडिनबरा, ग्रेनिच. आणि नदी टेम्झ. बर्मिंगमच्या शेवटी ‘हॅम’ म्हणत नाहीत.

राहता राहिलं तुमचं नाव. फोनवर ते रोज सांगावं लागेल, आणि एम-एन, बी-डी, व्ही-बी हमखास घोटाळा करतात. विमानवाले वापरतात ती अक्षरं इथे सगळ्यांना समजतात: बी फॉर ब्राव्हो, डी फॉर डेल्टा, एम फॉर माइक, एन फॉर नोव्हेंबर, व्ही फॉर व्हिक्टर. नाव-आडनाव त्यात बसवून निघण्याआधी तोंडपाठ करा.